‘बोर्ड’ : एका फळीचा इतिहास

श्रोतेहो, आज ज्या शब्दाविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें, तो इंग्रजी असूनहि आपणांपैकीं कोणासहि परका वाटणार नाहीं. तो शब्द म्हणजे ‘बोर्ड’. दुकानाच्या दारावर बोर्ड असतो, वर्गाच्या भिंतीवर बोर्ड असतो, आणि दहावींतला मुलगा ज्या परीक्षेच्या धास्तीनें रात्रीं जागतो ती परीक्षाहि बोर्डाचीच. कॅरम खेळावयाचा तो बोर्डावर, विजेचें बटण दाबावयाचें तें बोर्डावरचें. कंपनीचे संचालक जमतात ती बोर्डाची सभा, आणि परगांवीं शिकणारा विद्यार्थी जेथें राहतो व जेवतो तें बोर्डिंग. विमानांत पाऊल टाकण्यापूर्वीं जो कागद दाखवावा लागतो, त्याच्या नांवांतहि हाच शब्द बसलेला आहे.

इतक्या परस्परभिन्न गोष्टींना एकच नांव कसें पडलें, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. कोशकार या अर्थांना एक, दोन, तीन असे आंकडे घालून मोकळे होतात, आणि आम्ही शाळामास्तर विद्यार्थ्यांकडून ते अर्थ पाढ्यांप्रमाणें पाठ करवून घेतों. वस्तुतः हे सर्व अर्थ एकाच घराण्यांतले भाऊबंद आहेत. त्यांची वंशावळ लावून पाहिली, तर सुताराच्या रंध्याखालून निघालेली एक लांकडी फळी सिंहासनाच्या शेजारीं कशी जाऊन बसली, याचा मोठा बोधप्रद इतिहास हातीं लागतो. त्या इतिहासांत एक प्रश्न मात्र पुनःपुन्हां उभा राहतो, तो हा कीं, या फळीशीं बसण्याचा अधिकार कोणाचा?

मूळ अर्थापासून आरंभ करूं. सुमारें एक हजार वर्षांपूर्वींच्या जुन्या इंग्रजींत ‘बोर्ड’ म्हणजे कापून सपाट केलेली लांकडाची फळी. उच्चारानें सारखा असा दुसराहि एक शब्द त्या भाषेंत होता व त्याचा अर्थ कड, कांठ अथवा जहाजाची बाजू असा होता. दोन ओहोळ एकमेकांत मिसळावेत त्याप्रमाणें हे दोन शब्द फार लवकर एकरूप झाले. त्या दुसऱ्या शब्दाचा एक भाऊ फ्रेंच भाषेंत गेला आणि तिकडून नवा पोशाख चढवून ‘बॉर्डर’ या नांवानें इंग्लंडांत परत आला. लुगड्याच्या कांठाला आणि देशाच्या सरहद्दीला आपण जें बॉर्डर म्हणतों, तें याच घराण्यांतलें.

त्या काळचा इंग्रज योद्धा आपल्या ढालीसहि बोर्ड म्हणे, कारण ढाल लांकडी फळ्यांचीच केलेली असे. ढालीला ढाल भिडवून उभ्या राहिलेल्या वीरांच्या रांगेस ‘फळ्यांची भिंत’ अशा अर्थाचें नांव होतें. येथें आपल्याकडील एक साम्य सांगितल्यावांचून राहवत नाहीं. संस्कृतांतील ‘फलक’ या शब्दाचे अर्थ फळी, ढाल, खेळाचा पट आणि लिहिण्याची पाटी असे आहेत. मराठींतहि लढाईंत शत्रूची फळी फोडतात, आणि राजकारणांत नेत्यांची दुसरी फळी तयार करतात. लांकडाची वस्तु, तिच्या आड उभीं राहिलेलीं माणसें, आणि त्या माणसांची एकजूट, हा अर्थाचा प्रवास दोन दूरदूरच्या भाषांनीं एकमेकींना न विचारतां केलेला आहे.

आतां समुद्राकडे वळूं. जहाजाची बाजू म्हणजे बोर्ड. जुन्या काळीं उत्तर युरोपांतील गलबतांना मागच्या टोकास मध्यभागीं सुकाणूं नसे; उजव्या बाजूस बांधलेल्या एका मोठ्या वल्ह्यानें त्यांना दिशा देत. म्हणून उजवी बाजू ती ‘स्टारबोर्ड’. या शब्दांत ताऱ्याचा कांहींएक संबंध नाहीं. सुकाणूं धरण्याची बाजू एवढाच त्याचा अर्थ. डाव्या बाजूस ‘लारबोर्ड’ म्हणत. पण वाऱ्याच्या घोंघावण्यांत स्टारबोर्ड आणि लारबोर्ड हे दोन शब्द कानाला सारखेच वाटत, आणि हुकूम ऐकण्यांत घोटाळा झाला म्हणजे प्राणावर बेते. अखेर १८४४ सालीं ब्रिटिश आरमारानें लारबोर्ड हा शब्द मोडीत काढून त्याच्या जागीं ‘पोर्ट’ हा शब्द सक्तीनें चालू केला. शब्दाचा अर्थ सरकारी हुकमानें ठरविण्याचे प्रसंग बहुधा फसतात. येथें तो हुकूम यशस्वी झाला, कारण त्यामागें खलाशांची खरी गरज होती.

जहाजावर असणें तें ‘ऑन बोर्ड’, आणि कांठावरून पाण्यांत पडणें तें ‘ओव्हरबोर्ड’. उत्साहाच्या भरांत तारतम्य सोडणाऱ्या माणसालाहि इंग्रज ‘ओव्हरबोर्ड’ गेला असें म्हणतो. वादळांत डोलकाठी मोडून बाजूवरून समुद्रांत गेली म्हणजे ती ‘बाय द बोर्ड’ गेली, असें खलाशी म्हणत. आज एखादा बेत कायमचा बारगळला तरी हाच वाक्प्रचार वापरतात. शिडाचीं गलबतें गेलीं, लांकडी बाजू जाऊन पोलादी आल्या, परंतु आगगाडींत आणि विमानांत चढणारा उतारू अजूनहि शब्दानें त्या जुन्या गलबतावरच चढत असतो.

समुद्रावरून पुनः घरांत येऊं. मध्ययुगांतील इंग्लंडांत मोठ्या सरदाराच्या वाड्यांतसुद्धां जेवणाचें कायमचें टेबल सहसा नसे. जेवणाची वेळ झाली कीं दोन लांकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकीत, त्यांवर कापड अंथरीत, आणि जेवण आटोपलें म्हणजे तें सर्व उचलून भिंतीशीं ठेवीत. फळीवर अन्न येई, म्हणून फळी या शब्दाचाच अर्थ अन्न असा झाला. ‘बेड अँड बोर्ड’ म्हणजे अंथरूण आणि अन्न, राहणें आणि जेवणें. पतिपत्नींच्या कायदेशीर विभक्ततेसाठींहि इंग्रजी न्यायालयें हेच शब्द योजीत, कारण संसार म्हणजे शेवटीं या दोन गोष्टींची भागीदारी. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरीं जेवणारा तो ‘बोर्डर’, आणि त्याची सोय करणारी जागा तें ‘बोर्डिंग’. पेले मांडून ठेवण्याची फळी ती ‘कपबोर्ड’. पुढें तिला बाजू आल्या, दारें आलीं, आणि फळीचें बंदिस्त फडताळ झालें. येथें एक सावधगिरीची सूचना करतों. आपला ‘कपाट’ हा शब्द या कपबोर्डाचा अपभ्रंश आहे असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. दाराची फळी या अर्थाचा ‘कपाट’ हा शब्द संस्कृतांत, इंग्रज या देशांत येण्यापूर्वीं, कित्येक शतकें नांदत होता. चेहरे सारखे दिसले म्हणून गोत्र एक असतेंच असें नाहीं.

इंग्रजानें फळीवर अन्न ठेवलें. आपण फळीवर स्वतः बसलों. आपला ‘पाट’ म्हणजेहि फळीच, आणि ‘पाटपाणी झालें’ असें घरांतून कोणी म्हणालें कीं जेवण तयार आहे हें पाहुण्यास कळतें. फळीवरून जेवणाचा बोध होणें हा भाषेचा खेळ दोन्हीकडे सारखाच. मात्र पाट कोणाच्या पाटाशेजारीं मांडावयाचा, हा प्रश्न आपल्याकडे फार बिकट होऊन बसला होता. त्याकडे मी पुढें येणारच आहें.

टेबलावर जेवण झाल्यावर पत्ते निघत आणि जुगारहि चाले. ज्याचे हात टेबलाखालीं गेले त्याच्यावर लबाडीचा संशय; ज्याचे हात फळीच्या वर, सर्वांच्या डोळ्यांसमोर, त्याचा खेळ सरळ. त्यावरून चोख आणि उजळ माथ्यानें केलेल्या व्यवहारास ‘अबव्ह बोर्ड’ म्हणूं लागले. डावांतील सगळे पैसे एकट्यानेंच ओढून घेणें तें ‘स्वीप द बोर्ड’. पारितोषिकसमारंभांत सर्व बक्षिसें पटकावणाऱ्या विद्यार्थ्यासंबंधींहि असेंच म्हणतात. अगदीं अलीकडचा वाक्प्रचार पाहावयाचा, तर १९४१ सालीं पीटर आर्नो या चित्रकाराचें एक व्यंगचित्र अमेरिकेंतील ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें. नवें विमान जमिनीवर कोसळलें आहे, लोक धांवत आहेत, आणि आराखडा करणारा गृहस्थ कागदांची गुंडाळी काखेंत मारून शांतपणें परत चालला आहे. बेत फसला तर पुनः ‘ड्रॉइंग बोर्डा’कडे जाणें, म्हणजे पहिल्यापासून आंखणी करणें, हा वाक्प्रचार त्या चित्राच्या ओळीवरून जगभर पसरला.

आतांपर्यंत फळी ही वस्तुच होती. सोळाव्या शतकांत तिला माणसांचें रूप आलें. राजाचे सल्लागार ज्या टेबलाशीं बसत, त्या टेबलाचें नांव त्या सल्लागारांसच मिळालें. फळी बोलूं लागली, ठराव करूं लागली, हुकूम सोडूं लागली. या बदलाचें महत्त्व आपल्याकडील शब्दांशीं ताडून पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. तख्त, गादी, मसनद हे आपले सत्तावाचक शब्द एका माणसाच्या आसनावरून आलेले आहेत. तख्तावर एकच बसतो आणि इतर उभे राहतात. बोर्डाशीं अनेक जण बसतात, आणि फळी सपाट असल्यामुळें सर्वांची उंची निदान दिसावयास तरी सारखी असते. १६९६ सालीं इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम यानें व्यापारासाठीं ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ नेमलें, आणि पुढें इंग्रजी कारभारांत अशीं बोर्डें वाढत गेलीं. सत्ता एका मुठींतून सुटून अनेकांच्या विचारविनिमयांत यावी, ही चांगली कल्पना या शब्दाच्या पोटांत होती.

परंतु ही समता फळीशीं बसणारांपुरतीच असते. जे बाहेर आहेत त्यांच्या दृष्टीनें फळी आणि तख्त यांत फारसें अंतर नाहीं. आपल्या देशाला याचा अनुभव पुरेपूर आला. १७८४ सालीं पिट याच्या कायद्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर देखरेख करण्यासाठीं लंडनमध्यें ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ स्थापन झालें. सभासद सहा ठरले होते, पण व्यवहारांत बहुतेक सत्ता अध्यक्षाच्या हातीं गेली. १८१७ च्या नोव्हेंबरांत पुण्यास शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें, आणि १८१८ च्या जूनमध्यें दुसऱ्या बाजीरावानें शरणागति पत्करली. त्या वेळीं या बोर्डाच्या अध्यक्षपदीं जॉर्ज कॅनिंग होता. त्यानें हिंदुस्थान कधींहि पाहिला नाहीं. १८२२ सालीं गव्हर्नर-जनरल म्हणून त्याची निवड झाली होती, पण तेवढ्यांत परराष्ट्रमंत्र्याची जागा रिकामी झाली आणि तो इंग्लंडांतच राहिला. पुढें १८५८ सालीं हें बोर्ड मोडलें, त्या वर्षीं येथें पहिला व्हाइसरॉय झाला तो त्याच जॉर्ज कॅनिंगचा मुलगा. बोर्डाच्या जागीं भारतमंत्री आणि त्याचें पंधरा जणांचें मंडळ आलें. त्या मंडळांत हिंदी माणसाला पहिली खुर्ची मिळाली ती १९०७ सालीं. कृष्ण गोविंद गुप्त आणि सय्यद हुसेन बिलग्रामी हे ते दोन सभासद. १७८४ पासून मोजलें तर मध्यें एकशें तेवीस वर्षें गेलीं. ज्या टेबलावर आपल्या शेतसाऱ्याचे, सैन्याचे आणि तहांचे कागद पसरले जात होते, त्या टेबलाशीं इतका काळ आपलें माणूस एकहि नव्हतें.

मुंबईची हकीकत थोडी निराळी आहे. १८४० सालीं या इलाख्यांत शिक्षणासाठीं ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ नेमलें गेलें आणि त्यांत तीन सभासद एतद्देशीय होते : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहीम मकबा. हिंदु, पारशी आणि मुसलमान असे तिघे गृहस्थ गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसले, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. शोभेसाठीं बसविलेलीं माणसें मान डोलावतात; यांनीं तसें केलें नाहीं. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचें मत शिक्षण इंग्रजींतून द्यावें असें होतें. १८४७ च्या सुमारास यावर कडाक्याचा वाद झाला. तिघेहि एतद्देशीय सभासद आणि त्यांच्या बाजूनें कर्नल जर्व्हिस असे चौघे देशभाषांच्या बाजूस उभे राहिले. सामान्य जनतेपर्यंत विद्या पोंचवावयाची तर ती तिच्या भाषेंतूनच पोंचेल, असा शंकरशेट यांचा आग्रह होता. सरकारनें कोणत्याच पक्षाला पुरता कौल दिला नाहीं. वरच्या शिक्षणांत इंग्रजीचाच पगडा राहिला, पण मराठी शाळा चालू राहिल्या. १८५५ सालीं शिक्षणखातें निघालें आणि तें बोर्ड संपलें. तरी एवढें खरें कीं, बोर्ड हा परकी शब्द ज्या टेबलास लागलेला होता, त्याच टेबलाशीं बसून आपल्या माणसांनीं आपल्या भाषेचा कैवार घेतला. फळीशीं जागा मिळाल्यानें काय साधतें, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

यानंतर हा शब्द शहरांतून खेड्यांत आला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ सालीं मुंबई इलाख्यांत लोकलबोर्डांचा कायदा झाला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून व तालुक्यातालुक्यांतून लोकलबोर्डें निघालीं. आरंभीं जिल्हाबोर्डाचा अध्यक्ष बहुधा कलेक्टरच असे. तथापि कांहीं सभासद निवडून येत, आणि रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा यांचा विचार करण्यासाठीं गांवचीं माणसें एका टेबलाशीं बसूं लागलीं. खेड्यांतील म्हातारींच्या तोंडींहि ‘लोकलबोर्डाची शाळा’, ‘बोर्डाचा रस्ता’ असे शब्द रुळले. १९२३ च्या कायद्यांनीं या संस्थांचे अधिकार वाढले आणि प्राथमिक शाळांसाठीं जिल्ह्यांतून स्कूलबोर्डें आलीं. महाराष्ट्रांत १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हां लोकलबोर्डांचा काळ संपला. कांहीं गांवांतील वृद्ध माणसें जिल्हा परिषदेच्या शाळेस अजूनहि बोर्डाची शाळा म्हणतांना मी ऐकलीं आहेत. संस्था मरते, पण लोकांच्या जिभेवरून ती इतक्या लवकर उतरत नाहीं.

मघां पाटाचा प्रश्न मी पुढच्यासाठीं ठेवला होता. बोर्ड म्हणजे कारभाराचें टेबल, तसेंच बोर्ड म्हणजे जेवण. महाराष्ट्रांत या दुसऱ्या अर्थानें पहिल्या अर्थाहून अधिक क्रांति केली असें माझें मत आहे. खेड्यांतला गरीब मुलगा शहरांत शिकावयास आला, तर त्याच्यापुढें पहिली अडचण पुस्तकांची नसे, जेवणाची असे. जातिभेदामुळें दुसऱ्याच्या घरीं त्याला पाट मांडला जाईलच याचा भरंवसा नव्हता. कोल्हापुरास राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं ‘व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाऊस’ स्थापन करून ही अडचण दूर करण्यास हात घातला. त्यामागून त्यांच्या आश्रयानें जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेले आणि इतर अनेक समाजांचे विद्यार्थी यांच्यासाठीं वसतिगृहें निघालीं. प्रत्येक समाजाचें बोर्डिंग वेगळें होतें. त्या काळीं तेंच शक्य होतें.

पुढचें पाऊल कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं टाकलें. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरू केलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याचें ‘श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस’ असें नामकरण झालें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. मुलांच्या तोंडीं घांस पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने, आणि शेवटीं मंगळसूत्रसुद्धां, मोडलें. इंग्लंडांत फळीवर ठेवलेल्या अन्नावरून निघालेला हा शब्द साताऱ्यास येऊन पंक्तिभेद मोडण्याचें साधन झाला. ज्या मुलांचे बापजादे गांवच्या पंक्तीबाहेर बसले होते, त्यांनीं या बोर्डिंगांत जेवून विद्या मिळविली, आणि पुढें कित्येक जण कारभाराच्या बोर्डाशींहि जाऊन बसले. शब्दाचे दोन अर्थ कोशांत एकमेकांखालीं छापलेले असतात. येथें एका अर्थाच्या पायरीवरून माणसें दुसऱ्या अर्थापर्यंत चढून गेलीं.

राहतां राहिला तो आम्हां शिक्षकांचा बोर्ड, वर्गांतला फळा. इंग्रजी फळा येण्यापूर्वीं आपल्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ पसरावयाची, बोटानें अगर काडीनें अक्षरें गिरवावयाचीं, आणि हातानें पुसून पुनः लिहावयाचें. धूळपाटी ज्याची त्याची असे. फळा सर्वांचा असतो. वर्गांतील कोणत्याहि बांकावरच्या मुलाला फळ्यावरचें अक्षर वाचण्याचा सारखाच अधिकार आहे, फक्त तें शेवटच्या बांकापर्यंत दिसेल इतकें मोठें काढण्याची जबाबदारी शिक्षकाची. काळ्या फळ्याचा पांढरा झाला, कांहीं शाळांतून तर तो विजेवर उजळूं लागला. नांव बोर्ड तें बोर्डच राहिलें.

तेव्हां श्रोतेहो, मुलांना शब्दांचे अर्थ शिकवितांना नुसती यादी पाठ करावयास सांगूं नये. शब्द कोणत्या कारखान्यांतून निघाला, कोणाच्या हातांतून फिरला, कोणाला त्यानें दार लावलें आणि कोणासाठीं उघडलें, एवढें तरी त्यांना विचारावयास शिकवावें. बोर्डाच्या बाबतींत तर हा प्रश्न अगदीं सोपा आहे. जेथें जेथें हा शब्द आढळेल, मग तो कंपनीच्या सभागृहांत असो, परीक्षेच्या कचेरींत असो, किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत असो, तेथें आंत डोकावून पाहावें आणि विचारावें कीं, या फळीशीं कोण बसलें आहे, आणि अजून उभें कोण आहे.